हातानं आवळलेले दोन नट

चिंचवड, ता. ११ फेब्रुवारी १९५८

कादरभाई, सलाम.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे अजून थोडी जागा शिल्लक आहे असं धरून चालतो. नूरबी भाभींना सलाम सांग. मिरजेची हवा मानवली का? मेहुण्याच्या सायकल दुकानात बसतोस असं युसुफ पंक्चरवाल्याकडून कळलं. कादर मिस्त्री सायकलींचे ब्रेक जुळवतोय, हे ऐकून कसंसंच झालं. पण ते राहू दे. मी कामासाठी लिहितोय.

चाकणच्या नानासाहेबांची फटफटी परत आपल्या दुकानात आली आहे. दसऱ्याला जळलेली, तीच. चार महिने त्यांच्या कांद्याच्या वखारीत पडून होती, परवा बैलगाडीत घालून पाठवली. टाकीचा रंग पोळलाय, सीट नाही, वायरी वितळल्यात, पण इंजिन शाबूत आहे. लष्करी माल सहजी मरत नाही, हे तूच मला देहूरोडच्या डेपोत शिकवलंस. नानासाहेबांचा निरोप असा, की पाडव्याआधी गाडी चालू झाली पाहिजे. उजवा पाय अजून नीट टेकत नाही, काठी घेऊन चालतात, तरी हौस बघ. आणखी एक निरोप होता, तोही लिहितो, नाहीतर युसुफ कळवेलच. म्हणाले, "या खेपेला त्या कादरचा हात लागता कामा नये."

लोक अजून तेच बोलतात. खंडेनवमीला, हत्यारं पूजेत असताना, या दुकानात काम झालं, म्हणून गाडी पेटली. आणि त्या दिवशी काम करणार कोण, तर कादरच. मी काही बोलत नाही. बोलून त्यांचा पाय थोडाच बरा होणार आहे, असं मनाशी म्हणतो आणि कामाला लागतो.

तर अडलंय एका रबरापाशी. हवेच्या डब्यातून कार्बोरेटरच्या तोंडात हवा नेणारा तो रबरी बूट, वीतभरही लांब नाही, पण त्याच्यावाचून गाडी आंधळी. तो जळून गेला. नवा मिळत नाही. भवानी पेठेतले भंगारवाले पालथे घातले, डेपोतल्या ओळखीच्यांना विचारलं, सगळीकडं नन्नाचा पाढा. मागच्या वेळी तू केला होतास तसा करायला गेलो. लॉरीची ट्यूब कापली, गुंडाळली, सोल्यूशन लावलं. पहिला बसवतानाच फाटला. दुसरा बसला, पण गाडीचा आवाज जरा चढवला की आतून चिमटतो आणि इंजिन गुदमरतं. वर पेट्रोलची वाफ लागून दुसऱ्या दिवशी भिजल्या पापडासारखा झाला. तू करत होतास तेव्हा मी बघायला पाहिजे होतं. मी तेव्हा गिऱ्हाइकाला चहा पाजत असणार. बोलायचं काम माझं आणि करायचं काम तुझं, असं आपलं नऊ वर्षं चाललं.

एवढं लिही, की बूट कसा करायचा आणि बसवायचा कसा. मी तुला ये म्हणत नाही. तेवढं बुटाचं कळव.

तुझा,
जोतीराम


चिंचवड, ता. २६ फेब्रुवारी १९५८

कादरभाई,

कार्ड पोचलं. पोस्टमन आबाजीनं ते दुकानात उभं राहून मोठ्यानं वाचलं. उघडं कार्ड म्हटल्यावर तो आपला हक्कच समजतो. युसुफही पंप हातात घेऊन ऐकत होता. तू लिहिलंस:

"बाभळीचा ठोकळा तास. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाएवढं, दुसरं डब्याच्या मानेएवढं. ट्यूबचे दोन पदर, मधे कॅनव्हास. ओली सुतळी गच्च गुंडाळून तीन दिवस उन्हात. आतून लाख स्पिरिटमधे विरघळवून दोन हात दे, पेट्रोल लागणार नाही. बसवताना बूट आधी डब्याच्या मानेवर मागं मुडपून ठेव. कार्बोरेटर इंजिनाच्या दोन स्टडवर चढव. मग बूट पायमोज्यासारखा पुढं ओढ. दोन्ही नट आळीपाळीनं पान्यानं आवळ. कादर."

सलाम नाही, खुशाली नाही. आबाजी म्हणाला, "मिस्त्र्यानं चार वळीत सगळं बसिवलं." युसुफ म्हणाला, "नट पान्यानंच आवळत्यात की. ते कशाला लिवायचं?" मी त्याच्या हातातलं कार्ड घेतलं आणि खिशात टाकलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मला त्याचं बघणं सोसेना, म्हणून उगाच त्याच्यावर ओरडलो, की तुझा पंप माझ्या दारात ठेवू नकोस.

बूट झाला. तू सांगितलंस तसा तीन दिवस उन्हात ठेवला, लाखेचे दोन हात दिले. ओढताना पायमोज्यासारखाच आला, फट् आवाज करून बसला. पहिल्यांदाच असं झालं की दुकानात बूट बसला आणि "बसला रे" म्हणायला कुणी नव्हतं. मग नट. आळीपाळीनं आवळले. दुपारी जेवून आलो आणि पुन्हा पाना लावून बघितला. चहा प्यायलो, पुन्हा बघितला. नट हललेला नसायचा, तरी मी अर्धा पीळ द्यायचो. संध्याकाळी बघतो तर कार्बोरेटरचा एका बाजूचा, नट बसतो तो कान वाकलेला, आणि पॅकिंगच्या फटीतून हवा ओढतोय. एवढी वर्षं काम करून असली चूक मी कधी केली नव्हती. मग काचेवर घासकागद पसरून त्यावर तो कान घासत बसलो, सपाट होईपर्यंत. अर्धा दिवस त्यातच गेला, आणि घासता घासता तुझा राग आला.

हो, राग. खरं तेच लिहितो. पान्यानं आवळ म्हणून कार्डावर लिहायला तुला येतं. मग त्या दिवशी चाकणची पाच माणसं दारात उभी होती तेव्हा काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं का? तू एक शब्द बोलला असतास तर मला पुढं बोलावंच लागलं असतं. तू गप्प राहिलास, सामान बांधलंस आणि निघून गेलास. इथं रोज सकाळी दुकान उघडतो कोण, मी. तुझ्या रिकाम्या स्टुलाकडं बघतो कोण, मी. तू मिरजेत सुखानं सायकली दुरुस्त करतोयस आणि मी इथं ह्या जळक्या गाडीपुढं.

आता थांबतो.

जोतीराम


चिंचवड, ता. ९ मार्च १९५८

कादरभाई,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत घाम फुटला. पेटीतून परत काढता आलं असतं तर काढलं असतं. तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही. ते पत्र फाडून टाक. किंवा ठेव, मी कसा माणूस आहे ते लक्षात राहायला.

दुर्गाला मी काही सांगितलं नव्हतं, पण बायकोपासून काय लपतं? रविवारी भाकरी थापता थापता म्हणाली, "मिरजेला काय लिवलं?" मी म्हटलं, बुटाचं. ती म्हणाली, "त्या नवमीला हळदकुंकू म्या वाह्यलं हुतं. सगळं म्या डोळ्यानं बघितलं. तुमी बोलला न्हाईत, म्हून मीबी बोलले न्हाई. नूरबी जाताना मला भेटाया आली तर मी न्हाणीत जाऊन बसले. पाना उचलला असता तर देव काय मेला असता का?" मग चुलीकडं तोंड करून रडली. तिला रडताना बघायची मला सवय नाही.

म्हणून जसं घडलं तसं लिहितो. तुला सगळं माहीत आहे. पण माझ्या हातानं ते एकदा कागदावर यायला पाहिजे.

खंडेनवमीला सकाळी आपण हत्यारं घासून पुसून पाटावर मांडली. तुझे पाने तू स्वतःच आणून माझ्या पान्यांशेजारी ठेवलेस. नऊ वर्षांत हे मला एकदाही सांगावं लागलं नाही. दुर्गानं हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. पूजेतलं हत्यार दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही, हा आमच्या घरचा वडिलांपासूनचा नेम, तो तू माझ्याहून कडक पाळायचास. नानासाहेबांच्या गाडीचा तेवढा कार्बोरेटर राहिला होता, कारण बुटाचं सोल्यूशन आदल्या दिवशी वाळलं नव्हतं. पूजा झाल्यावर मी कार्बोरेटर स्टडवर चढवला आणि दोन्ही नट बोटांनी फिरवून ठेवले. बूट तू ओढलास. दसऱ्याला पूजा उतरली की पाना लावायचा, असं आपलं ठरलं.

दुपारी नानासाहेब आले. म्हणाले, "उद्या सोनं वाटायला गाडीवरनंच जायचंय. झाली का न्हाई?" मी म्हटलं, "झालीय की. घेऊन जा." तू मला बाजूला ओढलंस. म्हणालास, "जोती, एकदा पाना धरू दे." मी म्हटलं, पूजेतला पाना उचलायचा नाही. तू म्हणालास, "मग युसुफचा आणतो, त्याचे कुठं पूजेत आहेत?" मी म्हटलं, "आज या दुकानात पाना फिरणार नाही. हातानं घट्ट बसलेत."

आणि कादरभाई, आता खरं सांगतो, हे तुलाही माहीत नसेल. नेमाचं मला त्या क्षणी काही पडलं नव्हतं. नानासाहेब बाहेर उभे होते. आठ दिवसांपूर्वी मी त्यांना नवमीच्या आत गाडी देतो म्हणून छातीवर हात मारून सांगितलं होतं. आता त्यांच्यासमोर पाना काढला असता तर काम अर्धवट होतं हे दिसलं असतं. माझी शान गेली असती. म्हणून मी नेमाच्या आड लपलो. तू बिचाऱ्यानं नेमाला मान दिलास आणि मागं सरलास.

दसऱ्याच्या संध्याकाळी खेडच्या रस्त्याला नट हादऱ्यानं गळून पडले, कार्बोरेटर लोंबकळला, पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडलं. पुढचं गावाला माहीत आहे. नानासाहेबांचा पाय गुडघ्यापासून खाली भाजला.

तिसऱ्या दिवशी ती पाच माणसं आली. विचारलं, "नवमीला हितं काम कुणी केलं?" तू पाणी भरत होतास. मी म्हटलं, "आमच्यात खंडेनवमीला हत्याराला हात लावत नाहीत."

एवढंच बोललो. त्यात एक अक्षर खोटं नाही, म्हणून तर ते मला इतक्या सहज आलं. 'आमच्यात' म्हटल्याबरोबर ते पाचही जण तुझ्याकडं वळले. तू माझ्याकडं बघितलंस. मी खाली पडलेला वॉशर उचलायला वाकलो. खाली वॉशर नव्हता. जमिनीवर उगाच हात फिरवत राहिलो, ते लोक तुला शिव्या देऊन जाईपर्यंत.

त्यानंतर तुझ्याकडं गाडी द्यायला कुणी येईना. गाड्या यायच्या, पण सांगायचे, जोतीराम, तूच कर. मी करायचो. पंधरा दिवसांनी तुला म्हणालो, "थोडे दिवस मिरजेला जाऊन ये, हवा निवळू दे." तुझ्या भल्यासाठी म्हणालो असं दुर्गाला सांगितलं. खरं म्हणजे तुझं समोर असणं मला सहन होत नव्हतं. तू काही बोलत नव्हतास, टोमणा मारत नव्हतास, नुसता कामाला यायचास आणि रिकामा बसायचास. तू गेलास त्या दिवशी मी पोटभर जेवलो. हेही लिहून टाकतो.

नानासाहेब पाडव्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ट्रायलला येणार आहेत. त्यांना सांगणार आहे. तुला कळवून ठेवतो, म्हणजे माघार घेता येणार नाही.

जोतीराम


चिंचवड, ता. २३ मार्च १९५८

कादरभाई,

तुझं पत्र पाडव्याला आलं. या वेळी पाकीट होतं, ते बरं झालं. तीनच ओळी, पण मी किती वेळा वाचल्या ते विचारू नकोस. "माझं कोण ऐकणार होतं? तुझं ऐकलं असतं. म्हणून तुझ्याकडं बघत होतो." आणि खाली, "मी परत येणार नाही, तू बोलावू नकोस." बरं. नाही बोलावत.

गुरुवारचं सांगतो. नानासाहेब टांग्यानं आले. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली, आवाज असा गोल की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. नानासाहेबांनी काठी टेकून कान दिला आणि खूश झाले. "मानलं तुला," म्हणाले. मी गाडी बंद केली आणि म्हटलं, "नानासाहेब, दसऱ्याचे नट माझ्या हातचे. मी पाना लावला नव्हता. कादरनं लावू का म्हटलं, मीच नको म्हटलं."

ते बाकड्यावर बसले, धोतर वर करून पाय चोळला. कातडी अजून चुरगळल्या कागदासारखी आहे, मला बघवेना. मग म्हणाले, "जोतीराम, पाय माझा जळला. तो आता कुणामुळं जळला म्हून बरा व्हायचा न्हाई. पर सगळ्या बाजारात मी सांगत फिरलो, त्या मिस्त्र्यानं नवमी बाटवली म्हून. आता उलटं कोणत्या तोंडानं सांगू? लोक म्हणतील, नानाला माणूस ओळखता येत न्हाई. तू मला सांगितलंस, माझ्यापाशी राह्यलं. आता गप गाडी दे."

मी किक मारून गाडी दिली. ते फट फट करत चाकणच्या रस्त्याला लागले आणि मला काय वाटलं माहीत आहे? सुटलो असं वाटलं. सांगायचं होतं ते सांगून झालं, शिक्षाही नाही, बभ्राही नाही. मी अंगावर पाणी घेतलं, गुढीला वेळू आणला, बत्तासे आणले. असला माणूस आहे मी.

पाडव्याला दुर्गानं कडुलिंब वाटून गूळ घालून हातावर ठेवला आणि विचारलं, "नानासाहेबास्नी सांगितलं ते कळलं. पर कादरभाईंचं काय झालं त्येच्यानं?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "मग कुणासाठी सांगितलं?" मी हातावरचा कडुलिंब तोंडात टाकला. थोड्या वेळानं आबाजी तुझं पाकीट घेऊन आला.

काल शनिवार, चाकणचा बाजार. युसुफच्या सायकलीवरून गेलो. त्याला म्हटलं, चाकणला माझं काम आहे. काय काम ते त्यानं विचारलं नाही, सायकलीत हवा मात्र भरून दिली. नानासाहेबांच्या गादीपुढं कांद्याचा काटा आहे ना, तिथं हमाल, अडते, बैलगाडीवाले सगळे असतात. तिथं उभा राहिलो. आयुष्यभर तोंड चालवून पोट भरलं, पण काल आधी काट्यावरची पोतीच मोजत राहिलो. एक हमाल म्हणाला, "सरका की राव, पोतं यिऊ द्या." मी सरकलो नाही. म्हटलं, "मी चिंचवडचा जोतीराम मिस्त्री. दसऱ्याला नानासाहेबांची गाडी पेटली ती माझ्यामुळं. कार्बोरेटरचे नट मी हातानं आवळले होते. कादर मिस्त्रीनं त्या दिवशी हत्याराला हात लावला नव्हता. त्याचे पाने माझ्या पान्यांबरोबर पूजेत होते. तो पाना लावू दे म्हणत होता, मी लावू दिला नाही. आणि तुमची माणसं विचारायला आली तेव्हा मी त्याच्यावर ढकललं."

काटा थांबला. एकजण म्हणाला, "सकाळीच ढोसून आलाय जणू." कुणीतरी हसलं. लसूण विकायला बसलेली गोजाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती म्हणाली, "म्हंजी त्यो बिचारा मिस्त्री फुकाट गेला व्हय रं?" मी म्हटलं, व्हय. ती म्हणाली, "आन् तू हितंच दुकान चालिवतूस?" मी म्हटलं, व्हय. तिनं टोपल्यावर फडकं टाकलं आणि तोंड फिरवलं. त्या एका तोंड फिरवण्यानं जे झालं ते शिव्यांनी झालं नसतं.

नानासाहेब गादीवर बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. ते काठी घेऊन उठले, मला वाटलं मारतात. ते आत वखारीत निघून गेले. मग मीही सायकल घेतली. परत येताना एकदाही पेडल मारताना दम लागला नाही, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

भाभींना सांग, दुर्गा त्या दिवशी न्हाणीत बसली होती. तिला फार लागलंय ते.

जोतीराम


चिंचवड, ता. १७ एप्रिल १९५८

कादरभाई,

चाकणकडची कामं बंद झाली. नानासाहेबांनी कुणाला काही सांगितलं असेल असं वाटत नाही, लोकांनी आपलं आपण ठरवलं. दुकानापुढून चाकणच्या दोन गाड्या रोज जातात, थांबत नाहीत. एक ओळखीचा थांबला, तर टायरमधे हवा भरायला, तीही युसुफकडं. मी डबे घासतो, हत्यारं पुसतो. तू रिकामा बसायचास तेव्हा तुझ्या हातांना काय होत असेल ते आता कळतं. तक्रार म्हणून लिहीत नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. सोमवारी तळेगावचे सोपानराव म्हणून एक गृहस्थ आले. बटाट्याचे मोठे बागायतदार. त्यांच्याकडं नानासाहेबांसारखीच लष्करी फटफटी आहे. बैलगाडीतून आणली होती. हवेच्या डब्याचा बूट फाटलाय, कार्बोरेटर धूळ पिऊन बसलाय. उतरताच विचारलं, "कादर मिस्त्री हितंच का?"

मी म्हटलं, मिरजेला असतात.

"आन् तुमी?"

मी म्हटलं, "जोतीराम. नट हातानं आवळणारा."

त्यांनी मला खालवर बघितलं. शिवी दिली नाही, हसले नाहीत. म्हणाले, "बाजारात ऐकलं. मला त्योच मिस्त्री पायजे. पत्ता द्या." मी आत जाऊन तुझा पत्ता लिहिला. पहिला कागद शाई सांडून खराब झाला, दुसरा लिहिला. त्यांनी वाचायला सांगितला, मी वाचला. कादर मिस्त्री, सायकल दुकान, स्टेशन रोड, मिरज. त्यांनी तो पाकिटात नीट घडी घालून ठेवला.

गाडी पुण्याहून रेल्वेनं निघाली आहे, पार्सलची पावती ते तुला टपालानं पाठवतील. शनिवारी पोचावी. पाठवायच्या आधी त्यांनी मला तेवढी मदत करू दिली, म्हणून टाकी रिकामी केली, हँडल काथ्यानं बांधलं, दिव्यावर गोणपाट गुंडाळलं. कार्बोरेटरला मी हात लावलेला नाही.

जोतीराम